खाऊ मागायला आलेली पोरं आणि मोठ्यांचे वाद

३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, संध्याकाळी अमेरिकेत आणि कॅनडात दारावरचा दिवा चालू असला की त्याचा अर्थ ठरलेला असतो: इथे खाऊ मिळेल, या. दिवा बंद असेल तर त्या घराची बेल वाजवायची नाही. हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण पाच वर्षांच्या पोरालाही तो पाठ असतो. भुताचा, चेटकिणीचा, स्पायडरमॅनचा वेश करून मुलं गल्ली पालथी घालतात. दार उघडलं की 'ट्रिक ऑर ट्रीट' असा पुकारा करतात, म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. पिशवीत एक-दोन चॉकलेटं पडली की पुढच्या घराकडे पळतात. दोन-अडीच तासांत सगळं आटोपतं.

एवढ्याशा खेळावर मोठ्या माणसांनी किती वाद घालावेत! कुणी म्हणतं हा सैतानाचा सण. कुणी म्हणतं आपण मुलांना भीक मागायला शिकवतो आहोत. कुणाला साखरेची काळजी, कुणाला विषाची. मुलं किती मोठी झाली की त्यांनी हे थांबवावं, दुसऱ्या वस्तीतली मुलं आपल्या गल्लीत आली तर काय, कुठला वेश करावा आणि कुठला नाही, या प्रत्येकावर दोन तट आहेत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा प्रकार आल्यापासून 'आपल्याला हे कशाला हवं' हा वादही त्यात भरीला पडला आहे.

मी न्यू जर्सीत राहते आणि दर वर्षी दारात बसून खाऊ वाटते. त्यामुळे हा आढावा तटस्थ नाही, हे आधीच सांगते. मला ही प्रथा मनापासून आवडते. जिथे शेजारच्या घरात कोण राहतं हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं, तिथे एका संध्याकाळी गल्लीतली दारं कुणाच्याही मुलांसाठी उघडतात, हे मला मोलाचं वाटतं. म्हणून प्रत्येक वादात मी एकच गोष्ट तपासते: या मताने दार उघडं राहायला मदत होते, की ते बंद होतं?

आधी प्रथेच्या वयाबद्दल. समर्थक म्हणतात ही केल्ट लोकांची दोन हजार वर्षांची परंपरा. विरोधक म्हणतात, म्हणूनच ती भुताखेतांची, टाकून द्यावी अशी. दोघंही आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या सावन या सणाकडे बोट दाखवतात. हिवाळा लागताना गुरं वरच्या कुरणांतून खाली आणायची, शेकोट्या पेटवायच्या, असा तो ऋतुबदलाचा सण होता. पण तो मुळात मृतांचा सण होता याला जुना पुरावा फार तोकडा आहे, हे ब्रिटनच्या सणवारांचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी साधार मांडलं आहे. मृतांचं नातं ठळक झालं ते चर्चमुळे. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपात रुळला. पुढे फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस ठरवला. गोव्यात, वसईत, वांद्र्यात त्या दिवशी कबरी धुऊन-पुसून त्यांच्यावर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, तो हाच दिवस.

इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जात आणि घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोटे गोड केक मागत. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन यायची, पण हात पसरण्याआधी एखादं गाणं किंवा कविता म्हणून दाखवायची. मग सफरचंद, अक्रोड, शेंगा मिळायच्या. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः बटाट्याच्या दुष्काळानंतर, आयरिश आणि स्कॉटिश माणसं अमेरिकेत लोटली. तिथे सलगमच्या जागी मोठा, कोरायला सोपा लाल भोपळा आला.

मात्र आज आपण पाहतो तशी खाऊफेरी जेमतेम शंभर वर्षांची आहे. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द छापलेले सापडतात ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासूनच्या कॅनडातल्या वर्तमानपत्रांत. अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी गावची १९२७ ची बातमी त्यासाठी नेहमी दाखवली जाते. त्या काळात हॅलोविन हा मुख्यतः टवाळ पोरांचा दिवस होता. शेतांची फाटकं काढून नेणं, परसातले संडास उलथवणं, दुकानांच्या काचांना साबण फासणं असले उद्योग चालत. मंदीच्या वर्षांत त्यांनी नासधुशीचं रूप घेतलं. मग गावोगावच्या मंडळांनी आणि नगरपालिकांनी पोरांना दुसरीकडे वळवायचं ठरवलं. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात १९३८ साली नासधूस थांबवण्यासाठी मुलांची वेगळी संध्याकाळ सुरू झाली. तिथे मूल दारात आलं की आधी एक विनोद सांगतं आणि मगच त्याला खाऊ मिळतो. हा रिवाज तिथे अजून आहे.

दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं, ते १९४७ पर्यंत टिकलं, आणि तोवर खाऊफेरीही थंडावली. १९५०च्या दशकात नवी उपनगरं वसली. सारख्या आकाराची घरं, पुढे छोटं अंगण, प्रत्येक घरात दोन-तीन मुलं. दारोदार फिरायला याहून सोयीची वस्ती नव्हती. १९५० मध्ये फिलाडेल्फिया परिसरात मेरी एम्मा ॲलिसन आणि त्यांचे पती क्लाइड यांनी मुलांना खाऊबरोबर युनिसेफसाठी नाणी गोळा करायला लावलं. त्यासाठीचा नारिंगी पुठ्ठ्याचा डबा पुढे देशभर गेला आणि त्यातून आजवर १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. मोठ्यांनी डोकं लढवलं आणि गावगुंडीच्या रात्रीतून मुलांची ओळखपाळख, वाटणी, मदत उभी राहिली. या प्रथेच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. सैतानाशी किंवा दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट पुरोहितांशी त्याचा संबंध नाही. धार्मिक कारणाने एखाद्या कुटुंबाने हा दिवस पाळू नये, हा त्यांचा अधिकार आहे. शेजाऱ्याच्या मुलाला सैतानाचा हस्तक ठरवण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

आता भीतीकडे येते, कारण हॅलोविनबद्दलची निम्मी मतं भीतीतून येतात. चॉकलेटात विष, सफरचंदात ब्लेड, गोळ्यांत मादक पदार्थ, या गोष्टी दर ऑक्टोबरात नव्याने फिरू लागतात. हल्ली त्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटांतही येतात. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या चाळून एकेका प्रकरणाचा माग काढला. दारावर आलेल्या कुणाही मुलाला अनोळखी माणसाने विष घालून दिलं आणि ते मूल दगावलं, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. टाचणी-सुईच्या बऱ्याच तक्रारी तर मुलांनी किंवा घरच्यांनीच रचलेल्या निघाल्या. मग सगळ्यांना आठवतं ते टेक्सासमधलं १९७४ चं प्रकरण काय होतं? तिथे आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने गेला, हे खरं. ते विष त्याच्या बापाने, रोनाल्ड ओब्रायनने, विम्याच्या पैशासाठी त्याच्या खाऊत घातलं होतं आणि अनोळखी माणसावर ढकलायचा त्याचा बेत होता. संशय येऊ नये म्हणून इतर मुलांनाही त्याने तसाच खाऊ दिला होता. सुदैवाने त्यांनी तो खाल्ला नाही. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला, तेव्हा घरच्यांनी दारावरच्या खाऊला दोष दिला. प्रत्यक्षात त्याच्या पोटात गेलं होतं ते नातेवाइकाच्या घरातलं हेरॉइन.

दोन्ही वेळा मृत्यू घरातून आला आणि आळ अनोळखी दारावर गेला. १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. ते दुकानातलं औषध होतं, हॅलोविनशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी त्या वर्षी अनेक गावांनी खाऊफेरीवर बंधनं आणली, रुग्णालयं पिशव्यांचे फुकट एक्स-रे काढू लागली. तेव्हापासून घरी केलेले लाडू-कुकी, फळं, भाजलेल्या शेंगा हद्दपार झाल्या; कारखान्यात बंद झालेलं पाकीटच तेवढं चालतं. माझ्या हातच्या नारळाच्या वड्या मी शेजारच्या मुलांना एरवी देते. ३१ ऑक्टोबरला देऊ शकत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

लैंगिक गुन्हेगारांची भीती आणखी गंभीर. अनेक राज्यांनी नोंदणीकृत गुन्हेगारांवर त्या दिवसापुरती खास बंधनं घातली आहेत. २००९ मध्ये मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी ३० राज्यांच्या नोंदी तपासून पाहिल्या, तेव्हा हॅलोविनच्या सुमारास मुलांवरच्या अत्याचारांत वाढ आढळली नाही. अशा गुन्ह्यांतली बहुतेक माणसं मुलाच्या ओळखीतलीच असतात, हे आपल्यालाही माहीत आहे.

खरा धोका रस्त्यावर आहे. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी पाहिल्या. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या त्याच वेळेच्या मानाने ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तो दहापट होता. अंधार लवकर पडतो, वेश बहुधा काळे, मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, आणि मुलं दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून धावत रस्त्यावर येतात. गाडी चालवणारा कामावरून घरी निघालेला असतो. आईबाप रात्री जेवणाच्या टेबलावर खाऊची पाकिटं उलटीसुलटी करून तपासतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून ताशी ४० मैलांनी गाडी नेतात. आपली काळजी चुकीच्या जागी खर्च होते आहे, हे माझं ठाम मत आहे. पाच वाजल्यापासून गल्ल्या वाहनांना बंद करणं एवढा एक निर्णय नगरपालिकांनी घेतला, तर बाकीच्या सगळ्या इशाऱ्यांपेक्षा जास्त जीव वाचतील.

दार उघडण्याची भीती आतून, म्हणजे घरमालकाच्या मनातूनही येते, आणि ती सर्वांत घातक ठरली ते १९९२ साली. योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये एका कुटुंबाकडे वर्षभरासाठी राहायला आला होता. १७ ऑक्टोबरला हॅलोविनच्या पार्टीला जाताना तो आणि त्याचा मित्र चुकून दुसऱ्याच घरी गेले. त्याच्या अंगात सिनेमातल्या नटासारखा पांढरा सूट होता. घरमालकाने बंदूक रोखून 'फ्रीझ' म्हटलं. तो थांबला नाही, हसत पुढे गेला, आणि गोळी लागून मेला. ज्युरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. दिवाणी कोर्टाने पुढे भरपाई द्यायला लावली. त्याच्या आईवडिलांनी अमेरिकेत बंदुकांवर नियंत्रण यावं म्हणून जपानमध्ये दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. भारतातून नव्याने आलेल्या आईबापांना मी हे प्रकरण मुद्दाम सांगते. दिवा नसलेल्या घराच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हा नियम इथे केवळ शिष्टाचाराचा नाही.

या भीतीवरचा तोडगा म्हणून गेल्या काही दशकांत 'ट्रंक ऑर ट्रीट' आलं. चर्चच्या किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या रांगेने उभ्या करायच्या, डिक्क्या सजवायच्या, आणि मुलांनी एका डिक्कीवरून दुसरीकडे जायचं. सुरक्षित आहे, थंडीत सोयीचं आहे. जिथे घरं मैल-मैल अंतरावर आहेत, फूटपाथ नाहीत, तिथे याला दुसरा पर्याय नाही, हे मी मानते. पण जिथे फूटपाथ आहेत तिथेही लोक पार्किंगकडे वळले की गल्ली ओस पडते. पार्किंगमध्ये भेटतात ते आधीपासून ओळखीचेच. शेजारची एकटी राहणारी म्हातारी, जिच्याकडे वर्षभर कुणी येत नाही, ती त्या डिक्क्यांच्या रांगेत नसते. ती वाटीभर गोळ्या घेऊन घरी वाट पाहत असते.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. घटस्थापनेपासून रोज एकेका मुलीच्या घरी जमायचं, पाटावर हत्ती मांडून फेर धरायचा, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची, असा भोंडला होता. 'गोड की तिखट' इथपासून सुरुवात व्हायची आणि जिच्या घरी भोंडला तिच्या आईची त्या दिवशी कसोटी असायची. आज पुण्यात तो शाळेच्या मैदानावर एका दिवसात उरकतो आणि अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये एका शनिवारी. गाणी टिकली, फेर टिकला, एकमेकींच्या घरी जाणं गेलं. भोंडल्याची खरी हानी तिथे झाली. हॅलोविनचंही तसंच होऊ नये, असं मला कळवळून वाटतं.

मध्यम मार्ग म्हणून काहीजण पायरीवर टोपलं ठेवतात आणि 'एकच घ्या' अशी चिठ्ठी लावून आत टीव्ही पाहत बसतात. याबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७६ मध्ये एड डीनर आणि सहकाऱ्यांनी सिएटलमधल्या २७ घरांत हॅलोविनला आलेल्या १,३५२ मुलांवर नजर ठेवली. घरातली बाई 'एकच घ्या' सांगून आत जायची. ज्या मुलांना नाव-गाव विचारलं होतं आणि जी एकटी होती, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी जास्त घेतलं, शंभरात सात-आठ जणांनी. जी टोळीने आली होती आणि ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांनी हात मारला. मुलं मुळात चोर नसतात, त्यांना कुणी पाहिलं-विचारलं की ती नीट वागतात, असा मी याचा अर्थ घेते. म्हणून टोपलं ठेवून आत बसू नये. दारात बसावं, 'तू कोण झालीस?' असं विचारावं. गेल्या वर्षी एक छोटी मुलगी डोक्याला चाळणी बांधून आली होती. मला काही ओळखता येईना. तिने फार गंभीरपणे सांगितलं, 'मी हवामानखातं.' तिला मी दोन चॉकलेटं दिली.

वयाचा वाद अमेरिकेत दर वर्षी रंगतो. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १९७० पासून बारा वर्षांवरच्या मुलांनी खाऊ मागणं हा गुन्हा होता आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगाची तरतूद होती. ही गोष्ट चव्हाट्यावर आल्यावर २०१९ मध्ये नगरपालिकेने तुरुंग काढून टाकला आणि वयाची मर्यादा चौदावर नेली. मर्यादा मात्र ठेवलीच. उंच, आवाज फुटलेला, वेशाच्या नावाखाली नुसती टोपी घातलेला मुलगा दारात आला की काही लोक तोंड फिरवतात. मला हे पटत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा त्या रात्री गल्लीत दुसरं काय काय करू शकला असता याचा विचार करा. डेट्रॉइटमध्ये हॅलोविनच्या आदल्या रात्री जाळपोळीची प्रथा पडली होती आणि १९८४ मध्ये त्या काळात ८०० हून जास्त आगी लागल्या होत्या. पुढे हजारो स्वयंसेवक रात्रभर गस्त घालू लागले तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. त्यापुढे थोराड मुलगा गोळी मागायला येतो, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. त्याच्या उंचीवरून त्याचं वय ठरवू नये. आणि कितीतरी मुलं वयाने मोठी असली तरी बोलण्या-वागण्यात लहानच असतात, त्यांना दारात प्रश्न विचारणं क्रूरपणाचं आहे.

'बाहेरच्या' मुलांबद्दलची कुरकुर मला याहून जास्त बोचते. श्रीमंत वस्तीत खाऊ चांगला मिळतो म्हणून गरीब वस्तीतले आईबाप मुलांना गाडीत बसवून तिथे घेऊन येतात. २०१४ मध्ये 'स्लेट' या नियतकालिकाच्या सल्ल्याच्या सदरात एका धनिक वाचकाने नेमकी हीच तक्रार केली होती. सदर चालवणाऱ्या एमिली योफी यांनी, एक दिवस सगळ्यांना खाऊ दिल्याने तुमचं काही बिघडत नाही, अशा अर्थाने फटकारलं. मला त्यांचंच पटतं. आमच्या गल्लीतही दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांची मुलं येतात, कारण त्यांच्या जिन्याला दारावर दिवाच नाही. त्यांच्या आया फूटपाथवर उभ्या राहतात, इंग्रजी जेमतेम येतं, पण मुलाला 'थँक यू' म्हणायला लावतात. त्यांना नाही म्हणायचं तर मग ही प्रथा ठेवायची कशाला?

वेशांबद्दलचा वाद कॉलेजांतून सुरू झाला. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या समाजाला सोंग बनवू नका, अशी मोहीम काढली. २०१५ मध्ये येल विद्यापीठात एका ई-मेलवरून मोठं रणकंदन झालं. विद्यार्थ्यांच्या वेशांवर प्रशासनाने किती बोलावं, हा प्रश्न होता. मुलांना थोडी मोकळीक हवी, हे मला मान्य. पण अमेरिकेतल्या आदिवासींची पिसांची टोपी आणि चेहऱ्यावर फासलेला काळा रंग यांत मोकळीक कुठली? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच रूपाची दुकानात पाकिटं विकली जातात. सिनेमातली पात्रं, प्राणी, फळं, हवामानखातं, करण्यासारखं इतकं काही आहे.

साखरेबद्दल फार लिहीत नाही. एका दिवसाच्या गोळ्यांनी मूल बिघडत नाही. वर्षभराच्या सवयींनी बिघडतं. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी मात्र चांगली सोय झाली आहे. २०१४ पासून देशभर निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दारात ठेवायची पद्धत पसरली. तो दिसला की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलालाही कळतं, इथे पेन्सिल, चेंडू, स्टिकर असं काहीतरी आपल्यासाठी आहे. जास्त मुलांसाठी दार उघडणारी ही सुधारणा मला मनापासून आवडली.

एका प्रश्नावर मात्र फार कमी बोललं जातं. २०२३ मध्ये अमेरिकनांनी हॅलोविनवर १२.२ अब्ज डॉलर खर्च केल्याचा तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज होता. त्यातल्या चॉकलेटांचा कोको बराचसा आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो. मोठ्या कंपन्यांनी तिथली बालमजुरी संपवण्याचा करार २००१ मध्ये केला होता. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने पाहणीचा अहवाल दिला, त्यात त्या दोन देशांतल्या कोकोच्या शेतांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं राबत असल्याचं आढळलं. आमच्या दारात राजकन्या होऊन आलेल्या मुलीच्या वयाच्या मुली तिकडे कोयता घेऊन शेंगा फोडतात. विषाच्या अफवेवर एवढं बोलणाऱ्यांनी याबद्दलही बोलायला हवं. मी स्वतः आता बालमजुरीविरुद्ध प्रमाणित चॉकलेटं थोडी आणते आणि बाकी खडीसाखरेसारख्या साध्या गोळ्या. चॉकलेटं कमी पडतात, पण मुलांची तक्रार आलेली नाही.

मराठी घरांची या दिवसांतली धांदल वेगळीच. हॅलोविन आणि दिवाळी बहुधा मागे-पुढे येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची पहिली अधिकृत सुट्टी मिळाली. दारात एका बाजूला कोरलेला भोपळा, दुसऱ्या बाजूला पणत्या, मधे रांगोळी, असं चित्र न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास आता सर्रास दिसतं. रात्री मुलं जमिनीवर खाऊ ओतून अदलाबदल करतात आणि शाकाहारी घरातली आई शेजारी बसून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचते. जिलेटीन लिहिलं असेल ते बाजूला. गमी अस्वलं गेली, स्टारबर्स्ट गेलं, स्किटल्स चालतं. मुलंही चार-पाच वर्षांत हे तपासायला शिकतात, कुरकुर न करता. आपलं काय आणि परक्याचं काय, यावरच्या मोठमोठ्या चर्चांपेक्षा त्या जमिनीवरच्या ढिगात मला जास्त समंजसपणा दिसतो.

राहता राहिला महाराष्ट्र. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आणि काही इंग्रजी शाळांत हॅलोविन येऊन आता बरीच वर्षं झाली. त्याला विरोध करणाऱ्यांचा राग मला समजतो. बाजाराने ढकललेली गोष्ट म्हणून तो बरोबरही आहे. पण मुलं बाराव्या मजल्यावरच्या अनोळखी काकूंची बेल वाजवतात आणि त्या हसून दार उघडतात, यात संस्कृती बुडण्यासारखं काही नाही. बिघडतं ते पुढे. आदल्या दिवशी ग्रुपवर यादी फिरते, कुठल्या फ्लॅटला जायचं आणि कुठे नाही ते ठरतं, प्रत्येकाने एकसारखी पाकिटं मागवायची, वॉचमनची आणि मोलकरणीची मुलं यादीत नाहीत. असं करायचं असेल तर ते करूच नये. आणि दारोदार जाण्यासाठी आपल्याला ३१ ऑक्टोबरचीच वाट पाहायला नको. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मुलांनी घरोघर जायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं, हातावर काहीतरी गोड पडायचं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन तसंच. दोन्ही अजून जिवंत आहेत. हॅलोविन करणाऱ्या सोसायटीने हे दोन दिवसही मुलांना यादीशिवाय फिरू द्यावं. आणि हॅलोविनला नाकं मुरडणाऱ्यांनी आपली मुलं दसऱ्याला किती दारांवर गेली ते आठवून पाहावं.

अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती इतकीच आहे. मोठ्या मुलाला वय विचारू नका, दुसऱ्या वस्तीतून आलेल्याला घर विचारू नका, टोपलं ठेवून आत जाऊ नका. मुलांच्या वेशावर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी लावा. आणि ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात शक्य असेल तर गाडी बाहेर काढूच नका. ऑफिसातून लवकर निघा, नाहीतर उशिरा या.